तय्यब सारंगाची विलायती कूड

तय्यब सारंग मुंबईहून परत आला आणि स्वतःच्या नव्या घरावरून सरळ पुढे चालत गेला.

हा पराक्रम माझा. दासगावला लाँचीतून उतरून, बैलगाडीने महाडात येऊन, डोक्यावर ट्रंक घेतलेल्या हमालासह तो मोहल्ल्यातल्या आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथे थबकला, मागे वळला आणि दोन्ही बाजूंची घरं निरखत परत आला. मी दारात उभा होतो. खोटं कशाला बोलू, शाबासकी घ्यायला उभा होतो.

"मुनशी," तो म्हणाला, "माझं घर कुठं हाय?"

"हे काय सारंगचाचा, तुमच्यासमोर!"

त्याने भिंतीवर तळहात टेकला. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, चुन्याचा गिलावा केलेली भिंत. तो हात फिरवत राहिला, आंधळा माणूस एखाद्याचा चेहरा चाचपतो तसा.

"ह्याची लाकडं कुठं गेली?"

"आत आहेत की. झाकून घेतली."

बोटीवर खलाशांचा अख्खा ताफा हाकणारा माणूस. त्याच्या हाकेने मुंबईच्या गोदीतले कावळे उडायचे, असं लोक सांगतात. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याने हमालाकडून ट्रंक उतरवून घेतली, तिच्यावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "उद्या सकाळी छिन्नी घेऊन ये. तू स्वतः. गवंड्याला पाठवलंस तर तुझी छिन्नी करीन."

मी म्हणजे सदू. मराठी सातवी झालेला, इंग्रजीच्या चार यत्ता शिकलेला, आणि घरच्यांच्या मते त्यामुळेच कामातून गेलेला. शेजारच्या आळीत राहतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या साली सारंगाने घर काढलं तेव्हा मला देखरेखीला ठेवलं आणि मुनशी ही पदवी दिली. मुंबईला जाताना त्याने बजावून सांगितलं होतं, लाकडांच्या मधल्या भिंती पांढऱ्या कर, लाकडाला हात लावू नको. मला ते स्वच्छ कळलं होतं. तरीही मी लाकडं झाकली. कारण रोज सकाळी त्या घरासमोर उभं राहायची मला लाज वाटायला लागली होती.

तुम्ही ते घर पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटली असती. आपल्याकडे घराचे खांब घराच्या आत असतात, भिंत बाहेर असते. सारंगाचे खांब बाहेर. उभे खांब, आडव्या तुळया, कोपऱ्याकोपऱ्यात तिरपे दांडे, सगळे काळे कुळकुळीत, रस्त्यावरून मोजता यावेत असे. आणि त्यांच्या मधल्या चौकटी कारवीच्या काठ्या विणून माती थापलेल्या कुडाने भरलेल्या. मालोजी सुताराने घर उभं केलं खरं, पण पहिल्या दिवसापासून त्याची कुरकुर चालू होती. "सदरा आत आणि बरगड्या बाहेर! सारंग, हे घर हाय का उपाशी माणूस?"

बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, घर पुरं कधी होणार? मी म्हणायचो, पुरं झालंय. मग ते हसायचे. आणि समोरच्या दगडी घराचा मालक, अमजदशेठ, सारंगाचा सख्खा चुलतभाऊ, तो तर हसायचाही नाही. कळवळ्याने बोलायचा. सारंग मुंबईत असताना त्याने एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सदू, तू शिकलेला पोरगा. लाकूड उघडं राहिलं तर कुजतं, हे तुला सांगायला हवं? आमचा तय्यब समुद्रावर राहून राहून थोडा... असो. तू तरी त्याची अब्रू झाक."

मी झाकली. चुन्याच्या चार पाट्या जास्त लागल्या, तेवढंच.

मग कितीतरी दिवस मी तो गिलावा खरवडत होतो. खाली उभं राहून सारंग सूचना देत होता, आणि समोरच्या ओटीवर अमजदशेठ पान चघळत बसलेला. चुना निघाला, पण छिन्नीचे ओरखडे काही निघाले नाहीत. मी कबूल केलं तसा सारंग जवळ आला, ओरखडे बघत राहिला आणि एकदम खूश झाला. "असंच! तिथं पन् असंच होतं. लाकडाला काय काय लागलेलं असतं. नवं लाकूड नवरदेवासारखं दिसतं, साला."

तिथं म्हणजे विलायतेत. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तय्यब सारंगाचं हे घर ज्या जोत्यावर उभं राहिलं, त्याच जोत्यावर पूर्वी त्याच्या आईचं घर होतं. घर कसलं, कुडाची दोन खणांची झोपडी. बाप लवकर गेला. दिराच्या दगडी घरासमोर अमिरुन्निसा पोराला घेऊन त्या कुडात राहिली. दर दिवाळीच्या सुमाराला, पाऊस सरला की ती भिंतीची पडलेली माती पुन्हा थापायची. आणि समोरच्या घरातली पोरं येऊन ओल्या भिंतीत छत्रीची टोकं खुपसायची, भोक पाडायची, भोकाला तोंड लावून ओरडायची, "आत कोण हाय रे?" त्यांत अमजद सगळ्यांत पुढे. अमिरुन्निसा आतून माती लावायची, पोरं पुन्हा बाहेरून भोक पाडायची. मोठी माणसं ओटीवर बसून बघायची. कोणी रागावलं नाही. कुडाला भोक पाडलं तर त्यात रागावण्यासारखं काय?

मिसरूड फुटायच्या आत तय्यब बोटीवर गेला. खलाशाचा टंडेल झाला, टंडेलाचा सारंग झाला. आई तोवर त्या कुडातच वारली.

एका सफरीत विलायतेच्या बंदरात दोरखंड सुटून त्याचा पाय मोडला. बोट पुढे गेली, हा मागे राहिला. दवाखान्यातून काढल्यावर त्याला एका म्हातारीच्या घरी ठेवलं. खलाशांना खोल्या देऊन पोट भरणारी बाई. तिचं घर फार जुनं, म्हणे कुठल्या तरी राणीच्या काळातलं. तो त्या घराचं वर्णन करायला लागला की त्याची चहाची बशी थंड व्हायची.

"काळं लाकूड, पांढरी भिंत. लोखंडाचा खिळा म्हणशील तर एक नाय. लाकडात खाच, खाचेत दुसऱ्या लाकडाचं कुसू, वरनं लाकडाची मेख. बस. वरचा मजला खालच्याच्या पुढं आलेला, रस्त्यावर वाकून बघतोय असा. त्याच्या वरचा आणखी पुढं. मी खिडकीत बसायचो तर समोरच्या घरातल्या माणसाची दाढी माझ्या हाताला लागेल! जमीन अशी तिरकी की वाटी ठेवली तर ती आपसूक चालायला लागायची. दार एवढं बुटकं की इंग्रज असूनसुद्धा वाकायचा."

थंडीत त्याच्या खोलीतल्या कोपऱ्याचा गिलावा पडला. म्हातारी ओशाळली, धावतपळत पडदा लावायला आली. ह्याने लंगडत जाऊन बघितलं तर आत काठ्या. उभ्या काठ्या, आडव्या काठ्या विणलेल्या, आणि त्यांवर माती थापलेली. मातीत गवताच्या काड्या.

"मुनशी, मी खाली बसलो. पाय मोडला तेव्हा रडलो नव्हतो. कूड होती रे! आमची कूड! तीनशे वर्सं साला इंग्रज कुडात राहतोय आणि आम्हांला कोण बोललं नाय!"

मग म्हणे त्याने म्हातारीला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीने शेण मागितलं. ती आधी घाबरली, मग हसली, मग रस्त्यावरून घोड्याची लीद आणवून दिली. ह्याने माती भिजवली, लीद मळली, आणि विलायतेतल्या त्या भिंतीचा कोपरा आपल्या आईच्या हातासारखा थापून दिला. म्हातारीने त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. "सगळं जग म्हणतं इंग्रजाने आमच्यावर राज्य केलं," तो सांगायचा, "पन् मी इंग्रजाच्या घराला शेण फासून आलोय."

ते घर त्याला महाडात बांधायचं होतं. महाडातच, त्याच जोत्यावर, त्याच दगडी घरासमोर. पोलादपूरच्या वरच्या अंगाने हैबती नावाचा गाडीवान कारवी घेऊन यायचा आणि त्याची बायको येसूबाई कूड विणायची. तिलाही आधी ही गंमत पटली नाही.

"सायबाच्या घरात कूड असती?"

"असती."

"मग सायेब आमच्या घरात का नाय ऱ्हात?"

सारंग विडी पेटवायला लागला. त्याची बायको शमसुन्निसा आतून म्हणाली, "त्यांना काय विचारतेस गो? त्यांना घर बांधायचं हाय का तराफा, तेच अजून ठरत नाय."

तर असं ते घर. आणि त्याचा वरचा मजला, म्हातारीच्या घरासारखाच, खालच्याच्या दोन हात पुढे आलेला. गल्लीवर वाकलेला. तिथल्या खिडकीत सारंग संध्याकाळी विडी ओढत बसायचा आणि खाली बरोबर अमजदशेठची ओटी दिसायची. नुसता बघायचा. मला वाटतं, अमजदशेठला लाकडं नडली नाहीत, कूड नडली नाही. हे वरून बघणं नडलं.

आता आमच्याकडची एक चाल सांगतो. घराची हद्द ठरवायला आम्हांला मोजणीदार लागत नाही. छपरावरचं पाणी जिथे टपकतं ती पागोळी, आणि पागोळीच्या रेघेपर्यंत घरवाल्याची जागा. ही चाल ज्यांनी पाडली त्यांच्या डोळ्यांसमोर साधी घरं होती. छप्पर जोत्याच्या हातभर पुढे, तेवढीच वळचण. वरचा मजला उठून रस्त्यावर चालत आलेला त्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता.

अमजदशेठने ते हेरलं. चैत्रात त्याने मोहल्ल्याच्या पंचांना बोलावलं. जेवायला बोलावलं हे मुद्दाम सांगतो. जेवण झाल्यावर, दाढ्या पुसत, सगळे गल्लीत येऊन उभे राहिले.

"माझं काय म्हणणं नाय," अमजदशेठ म्हणाला. "पानी ओता आणि बघा."

एकाला घागर देऊन छपरावर चढवलं. त्याने पाणी ओतलं. कौलांवरून आलं, खळकन खाली पडलं. अमजदशेठच्या पायरीपासून वीतभर अंतरावर.

"बघा! उद्या ह्याचा नातू येईल, माझ्या पायरीजवळ खाट टाकील आणि म्हणेल, पागोळी इथंवर हाय, जागा माझी. ह्याने वरनं जमीन खाल्ली!"

"मला जमीन नको रे," सारंग खिडकीतून म्हणाला. "गल्ली तुझी. पायरी तुझी. खालचा दगड न् दगड तुझा. मला नुसती वरची हवा दे."

"हवा देणारा मी कोण?"

"मग अडवणारा तू कोण?"

लोक हसले. पंच हसले नाहीत. त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, तय्यब, चाल ती चाल. तुला जमीन नको असली तरी चालीने ती तुझी होते, आणि ती अमजदची आहे, म्हणून हे चालायचं नाही.

मला वाटलं आता इंग्रजीच्या चार यत्ता उपयोगी पडतील. मी पुढे होऊन म्हणालो, "छपराला पन्हळ लावू. पाणी पन्हळीतून मागच्या अंगणात नेऊ. गल्लीत थेंब पडायचा नाही. पागोळीच नाही, म्हणजे भांडणच नाही."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हातारे गृहस्थ मला समजावून सांगू लागले, लहान मुलाला सांगावं तसं. "पोरा, ज्या घराला पागोळीच नाय, त्या घराची हद्द कुठली? ते मग गल्लीत कुठवर पन् येईल. ते तर जास्त वाईट!"

असा हा न्याय. पाणी पडलं तर जमीन चोरली, नाही पडलं तर हद्दच नाही. मी आजवर पुष्कळ गणितं चुकलो आहे, पण असं गणित आमच्या मास्तरांनाही सुटलं नसतं.

आणि ह्या विद्वानांपैकी एकानेही अमजदशेठच्या जोत्याकडे मान वळवून बघितलं नाही! माझ्या लहानपणी त्या गल्लीतून भाताने लादलेली गाडी जायची. आता हातगाडी अंग चोरून जाते. दर उन्हाळ्यात दुरुस्तीच्या नावाने अमजदशेठचं जोतं एक दगड पुढे येतं. मग जोतं भिजू नये म्हणून छप्पर पुढे येतं. छप्पर आलं की पागोळी आली. आणि पागोळी इथवर आहे म्हणून पुढल्या उन्हाळ्यात जोतं पुन्हा एक दगड पुढे. हे सगळं चालीप्रमाणे, जमिनीवरून, सभ्यपणे. सारंगाने मात्र गल्लीतला एक खडा हलवला नव्हता. तो फक्त वर वाकला होता. पण गरिबाच्या पोराने वर वाकून खाली बघायचं नसतं, ही चाल पागोळीपेक्षा जुनी असावी.

निकाल असा झाला की पावसाआधी वरचा मजला कापून जोत्याच्या रेघेत आणावा. नाही आणला तर मोहल्ल्यात त्याच्याकडे कोणी जायचं नाही, ना लग्नाला, ना मयतीला. जाता जाता अमजदशेठ हळूच म्हणाला, पण मी ऐकलं आणि सारंगानेही ऐकलं: "कुडातली पोरं कुडातच बरी असतात."

दाराआडून शमसुन्निसाचा आवाज आला. "जेवलात ना पोटभर? आता पचवा!"

सारंग तीन दिवस घराभोवती फिरून वरचा मजला खालून निरखत होता. चौथ्या दिवशी मालोजीला बोलावलं.

"कापता येईल?"

मालोजीने वर बघितलं, खाली बघितलं, तंबाखू मळली. ह्या घराला नावं ठेवण्यात त्याचं वर्ष गेलं होतं. आता त्याच्याच हाताने ते कापायचं म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. "कापता येईल. पन् तुळई आतनं बाहेर गेलेली हाय. बाहेरचं ओझं तिला दाबून धरतंय म्हणून आतली जमीन सपाट हाय. बाहेरचं टोक कापलं की आतलं लचकणार. तराजूचं एक पारडं कापल्यासारखं. मग आत टेकू द्या, मग टेकूला टेकू द्या. घर ऱ्हाईल. पन् तुम्ही सांगता ते घर नाय ऱ्हाणार."

"नाय कापायचं," सारंग म्हणाला.

"मग वाळीत राहायचं?" मी विचारलं.

तो उठून भिंतीजवळ गेला. कोपऱ्याच्या खांबातल्या मेखेवर अंगठा फिरवला. "बोटीची डोलकाठी उतरवतात ना मुनशी, ती कापतात काय? मेखा काढतात, उतरवतात, दुसरीकडं उभी करतात." मालोजीकडे वळला. "खुणा केल्यात ना तू जोडांवर?"

मालोजीने प्रत्येक कुसवावर आणि खाचेवर पटाशीने खुणेच्या रेघा पाडल्या होत्या, ह्या खाचेत हे कुसू असं कळावं म्हणून. "केल्यात की. पन् न्यायचं कुठं?"

महाडात सारंगाची तेवढीच जागा. उत्तर आतून आलं.

"पोलादपूरच्या अलीकडं माझी वरकस जमीन पडलीय," शमसुन्निसा म्हणाली. "बापाकडनं वाट्याला आलेली. गवत पन् धड येत नाय तिथं. रस्त्याच्या कडेला हाय. समोर कोणाची ओटी नाय. तिथं न्या तुमचा तराफा, आणि वाका किती वाकायचं ते."

सारंग तिच्याकडे वळला. मग जे बोलला ते माझ्या अजून कानात आहे. "पन् शमसू, मला ते हितंच पाहिजे होतं. अम्मीच्या जोत्यावर."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. एवढंच.

घर उतरवायला घेतलं त्या दिवशी सगळं महाड बघायला आलं. काम बांधल्याच्या उलट क्रमाने चाललं. आधी कौलं, मग वासे, मग कूड. येसूबाईने स्वतः विणलेली कूड स्वतः काठीने झोडून पाडली, आणि प्रत्येक फटक्याबरोबर समोरच्या ओटीकडे बघून घेतलं. मातीचा ढिगारा गल्लीत पडला. मग मेखा. मालोजी मागून ठोकायचा, मेख पुढून बाहेर यायची, आणि दोघा पुरुषांनी मिळूनही हलणार नाहीत असे दांडे एकमेकांतून मुकाट सुटून यायचे. बघणारे आधी हसत होते. पहिली तुळई सुटून खाली उतरली तेव्हा हसणं थांबलं. दगडी घरात राहणाऱ्या माणसांना ते बघून कसंसंच होत असावं, कारण त्यांना आपलं घर उचलून कुठे जाता येत नाही.

संध्याकाळी जोत्यावर काही राहिलं नाही. अमजदशेठ खाली उतरला आणि काठीने मातीचा ढिगारा दाखवून म्हणाला, "हे कोण उचलणार?"

सारंग गाडीवर दोर आवळत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "माती माझ्या हद्दीत पडली असेल तर माझी, तुझ्या हद्दीत पडली असेल तर तुझी. पंच बोलाव. जेवायला घाल."

गाड्या भल्या पहाटे सुटल्या. पुढे हैबती, कारण रस्ता त्याचा आणि मोठ्या तुळया त्याच्याच गाडीत. सावित्रीच्या काठाकाठाने रांग चालली. वाटेत भेटणारे विचारायचे, कसलं लाकूड? हैबती गंभीरपणे सांगायचा, "घर हाय. फिरायला निघालंय."

शमसुन्निसाच्या वरकशीवर मालोजीने खुणा जुळवत घर पुन्हा उभं केलं. येसूबाईला नवी कारवी तर आता घराजवळच मिळाली. तिने कूड विणली, भाताचं तूस आणि शेण घालून माती थापली. लाकडाला ह्या वेळी मी दुरूनसुद्धा हात लावला नाही. वरचा मजला दोन हात पुढे आला, आणि त्याच्या खाली कोणाची पायरी नव्हती, नुसता रस्ता आणि रस्त्यापलीकडे उतार.

घर उभं राहिलं. पण खरं सांगतो, मला आनंद झाला नाही, संतापच आला, आणि तो अजून आहे. त्याला पोलादपूरकडे घर नको होतं. मोकळ्या माळावर वाकलेलं घर म्हणजे कोणाकडेच न बघणारं घर. ज्या ओटीवरच्या माणसांनी भोकं पाडणारी पोरं बघितली, त्या ओटीला दिसावं म्हणून ते बांधलं होतं. ते तिला आता दिसत नाही. महाडातल्या रिकाम्या जोत्यावर अमजदशेठने पावसाळ्यापुरतं म्हणून सरपण रचलं, ते पुढच्या उन्हाळ्यात तिथेच होतं, आणि त्यावर आता पत्रा आला आहे. पत्र्याची पागोळी कुठे पडते हे बघायला कोणी घागर घेऊन चढलेलं नाही.

त्याहून कहर पुढे आहे. एकदा महाबळेश्वरला चाललेला कोणी साहेब मोटार थांबवून उतरला. घराला प्रदक्षिणा घातली, मेखांना हात लावून बघितला, कॅमेरा काढून फोटो घेतला आणि मला विचारलं, हे कोणत्या इंग्रजाचं? मी सांगितलं, दर्याचा सारंग आहे, मोहल्ल्यातला. त्याला खरं वाटलं नाही. ही बातमी महाडच्या बाजारात पोचली, आणि पुढल्या आठवड्यात मी माझ्या ह्या कानांनी अमजदशेठला एका व्यापाऱ्याला सांगताना ऐकलं, "ते पोलादपूरजवळचं विलायती घर ना? आमच्या चुलतभावाचं. घरातलाच माणूस."

मी सारंगाला जाऊन हे सांगितलं. मला वाटलं तो भडकेल. तो खिडकीत बसून विडी ओढत होता. खालून मोटार गेली, धूळ उडाली. "साला," तो म्हणाला, आणि विडीची राख खिडकीबाहेर झटकली. मग म्हणाला, "त्याला बोलाव एकदा जेवायला. इथं वर बसवतो. खाली बघू दे."

अमजदशेठ अजून आलेला नाही. येईल असं वाटत नाही.

एक राहिलंच. घर उभं करताना कोपऱ्याच्या मुख्य जोडाची मेख वाटेत कुठे तरी पडली होती. माणसांनी तुळई वर धरलेली आणि खाचेत घालायला मेख नाही. तेव्हा हैबतीने सोडलेल्या गाडीच्या जुवातली शिवळ उपसली, बैलाच्या मानेजवळची ती जाड लाकडी खुंटी, आणि मालोजीच्या हातात दिली. ती अशी बसली की आता काढायची म्हणजे घर उतरवायला हवं. सारंगाने तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगितलं, हैबती, महाडातनं तुला शिसवीची जोडी आणून देतो.

त्या गोष्टीला दोन पावसाळे झाले. सारंग महाडात जात नाही, आणि मी बाजारात गेलो की विसरतो. हैबतीने जुवाच्या त्या भोकात बांबूचा तुकडा घालून वर काथ्या गुंडाळला आहे. घाटाखाली कुठे भेटला की गाडी थांबवतो, काथ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "काय मुनशी, माझी शिवळ तुमच्या सारंगाच्या घरात सुखात हाय ना?"

मी म्हणतो, "आहे, आहे. पुढच्या बाजारी आणतो तुझी."

"आना," तो म्हणतो, आणि बैलांना हाकतो.